शांतता राखा, गाय पान्हावते आहे

शेतावर आलेले पाहुणे ओट्यावर उभे राहतात, छाती भरून श्वास घेतात आणि म्हणतात, "काय शांतता आहे हो तुमच्याकडे!" पाहुणे उठतात साडेनऊला. तोवर आमच्याकडची सकाळची भांडणंसुद्धा आवरलेली असतात.

पण हे ऐकून ऐकून मलाही हुक्की आली. जन्म शेतावर काढायचा आणि एकही पहाट नुसती बसून बघायची नाही, हे काही बरं नव्हे. ठरवलं, उद्या अर्धा तास बांधावर बसायचं. हातात विळा नाही, खांद्यावर ओझं नाही.

पहिला अडथळा कोंबड्याचा. उजाडायला लागलं म्हणून तो आरवतो, ही आपली भाबडी समजूत. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं, की घड्याळ त्याच्या अंगातच असतं. कायम अंधुक उजेडात ठेवला तरी वेळ झाली की तो ओरडतोच. २०१५ मध्ये आणखी एक शोध लागला. आधी मानाचा कोंबडा आरवतो, मग मानाच्या उतरत्या क्रमानं बाकीचे. एवढ्यासाठी प्रयोगशाळा कशाला हवी होती? आमच्याकडे आधी आबा खोकतात, मग काका, मग थोरला भाऊ. माझा नंबर लागेपर्यंत फटफटलेलं असतं. (कोंबड्यानं चोच पूर्ण उघडली की त्याच्या कानाची वाट मिटते म्हणे, त्यामुळे स्वतःची बांग त्याला पुरती सोसावी लागत नाही. आबांनाही ही सोय असावी.)

तर भावाचं खोकणं आणि माझा नंबर यांच्या मधल्या फटीतून मी निसटलो.

आणि खरं सांगतो, बांधावर पोचलो तेव्हा क्षणभर पाहुण्यांचं पटलं. पूर्वेला राखाडी पट्टा उजळत होता. कोतवाल पक्षी एकटाच बोलत होता, बाकीची पाखरं बहुतेक नंबराची वाट बघत होती. पात्यापात्यावर दव. मी डोळे मिटून खाली बसलो आणि लगेच उठलो. दव साठायला निरभ्र आभाळ आणि पडलेला वारा लागतो. म्हणजे ज्या पहाटे बसावंसं वाटतं, नेमकी त्याच पहाटे बसायची जागा ओली! मग उकिडवा बसलो. उकिडवं बसून निसर्गाकडे बघितलं की चेहऱ्यावर वेगळेच भाव येतात, ते जाऊ द्या.

इतक्यात गाय हंबरली. पाठोपाठ आबा.

"हा कुठं गेला?"

"झोपला असेल," काकू.

"अंथरूण रिकामं आहे," भाऊ. फितूर.

घर चांगलं दोन शेतं पलीकडे, पण शब्द न् शब्द कानात पडत होता. अशा पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते. आवाज वर निघून जायच्याऐवजी खाली वळतो आणि लांबवर पोचतो. हे मला ठाऊक होतं. तो येतो तसा जातोही, हे मात्र त्या वेळी सुचलं नाही.

"एक दिवस सुखानं बसू देत नाहीत," मी पुटपुटलो.

"बस की! कोण नको म्हणतंय?" तिकडून आबा. "गाईखाली येऊन बस!"

गेलो. तिथली जागा निदान कोरडी होती.

गाईचं एक असतं. वासरू लुचलं, कासेला हात लागला, की ती पान्हावते. पण तो पान्हा टिकतो जेमतेम पाच-सात मिनिटं. तेवढ्यात ती बिचकली, कुणी खेकसलं, बादली आपटली, की पान्हा चोरलाच. म्हणून धारेच्या वेळी आमच्या गोठ्यात आबासुद्धा कुजबुजतात, काकू पावलं न वाजवता चालतात आणि भाऊ खोकला गिळतो. शेतावरची सगळी शांतता तिथं असते, एकाच बाईसाठी राखून ठेवलेली.

मी बादली गुडघ्यांत धरली आणि माझी कैफियत मांडायला तोंड उघडलं.

"शूऽऽ," आबा म्हणाले. "तिला जरा निवांत राहू दे."