जेट्टीवरची डिझेलची टाकी

आज सकाळी मच्छीमार संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. जेट्टीवरची डिझेलची टाकी, आणि खाली मजकूर: ‘बंदीआधी टाकी पूर्ण रिकामी केली आहे. वादळ आलं तरी काळजी नसावी.’ त्याखाली अंगठ्यांची रांग. माझं डोकंच फिरलं.

अरे, रिकामी टाकीच तर आधी तरंगते! ज्यांचं पोट समुद्रावर आहे त्यांना हे मी सांगायचं? दहा हजार लिटरची टाकी पाण्याखाली गेली की पाणी तिला दहा टनांहून जास्त जोराने वर उचलतं. लोखंडाचं वजन त्यापुढे ते किती! १ जूनला मासेमारी बंद होते, म्हणून मे अखेरीस टाक्यांतलं डिझेल तळाला जातं, आणि वादळं नेमकी त्याच सुमाराला येतात. निसर्ग आलं ३ जून २०२० ला, तौक्ते पुढच्या वर्षी मेच्या मध्यावर.

निसर्गच्या वेळी वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती, उधाणाचेच दिवस. वाऱ्याने पाणी जेट्टीवरून आत लोटलं आणि ही टाकी ओट्यावरून सुटली. पाईप तुटला, तळाशी राहिलेलं डिझेल पाण्याबरोबर वाडीत शिरलं. ‘थोडंसंच होतं’ असं आजही सांगतात. ते थोडंसं माझ्या काकूच्या विहिरीत उतरलं. वीज गेलेली, नळाला पाणी नाही, निम्म्या वाडीला तीच विहीर. पोहरा वर आला की पाण्यावर रंगीत तवंग. काकू दोर साबणाने घासायची, पुन्हा विहिरीत सोडायची, पुन्हा तोच वास.

आणि त्याच टाकीच्या फोटोला आपण अंगठे दाखवतो?

कुणी म्हणेल, एवढ्याशा टाकीचं काय घेऊन बसलात. बरं, मोठी घ्या. २००५ मध्ये अमेरिकेत कतरिना वादळात लुइझियानामधल्या मेरो इथल्या रिफायनरीची अवाढव्य टाकी पुराने जागची हलवली. जेमतेम पाव भरलेली होती. सुमारे ४० लाख लिटर कच्चं तेल सांडलं, १,८०० च्या आसपास घरांत गेलं. त्यांच्याकडे पैसा होता, इंजिनिअर होते. आपल्याकडे काय आहे?

टाकी भरून ठेवली तर संस्थेचे लाखो रुपये बंदीभर अडकतात, हे मान्य. पाणी भरलं तर नंतर साफसफाईचा खर्च, तेही मान्य. शिवाय डिझेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे नुसती भरून ठेवूनही भागत नाही. पूर्ण बुडाली तर भरलेली टाकीसुद्धा सुटू शकते. म्हणून ती बांधायला हवी. लोखंडी पट्टे, काँक्रीटच्या पायात घट्ट बसवलेले बोल्ट. हवेच्या पाईपचं तोंड पाण्याच्या वर. वादळाचा इशारा आला की व्हॉल्व्ह बंद. विजेचा बोर्ड कमरेच्या उंचीवर नको, वर घ्या. होडी ओढून दोन-दोन दोरांनी बांधतो ना आपण? मग टाकी मोकळी का?

फोटो टाकणाऱ्या पोरावर माझा राग नाही. निसर्गच्या दिवशी छातीभर पाण्यात उभं राहून दुसऱ्यांच्या होड्या धरून ठेवणारा तोच होता. त्याला कुणी सांगितलंच नाही. राग आहे तो तपासणीला येणाऱ्यांवर. मापाचं सील बघतात, आगीच्या सिलिंडरवरची तारीख बघतात, चहा घेतात आणि जातात. टाकी कशाने धरली आहे हे वाकून बघितलंय कधी कुणी? वादळानंतर ती उचलून त्याच ओट्यावर ठेवली, नवा रंग दिला. एक बोल्ट मारला नाही! मी आज संध्याकाळी जाऊन पाहून आलो. गंजलेली खाच तशीच आहे, बोट घातलं तर आत जातं.

काकूने ती विहीर दोनदा उपसून घेतली. खर्च तिचा. कुणी विचारलंही नाही.

रविवारी दहा वाजता संस्थेची सभा आहे. पट्टे आणि बोल्ट हा विषय मी लेखी देतोय. फॅब्रिकेशनवाल्याकडून दर मागवला आहे, तो सभेत वाचून दाखवीन. सभासद असाल तर या, आणि पाऊस लागायच्या आत काम सुरू करायचा ठराव झाल्याशिवाय उठू नका.