कार्बुरेटरला आग्रह नको

जुन्या गाडीला सल्ला देणारे बेळगावात गल्लीगणिक भेटतात, धक्का मारायला मात्र कुणी मिळत नाही.

आमची प्रीमियर पद्मिनी. 1089 सीसी, गिअर स्टिअरिंगपाशी, ऐट जहागीरदाराची. गोव्याहून परतताना चोर्ला घाट चढू लागली की मध्येच बसकण मारते. निदान ठरलेलं, व्हेपर लॉक. टाकीतलं पेट्रोल ओढणारा मेकॅनिकल पंप इंजिनलाच चिकटलेला. इंजिन तापलं की तोही तापतो, लायनीतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ ओढायचं त्या बिचाऱ्याला जमत नाही. मग पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचं, "काही नाही, देखावा बघतोय."

त्यात इथेनॉल. चिकोडी-संकेश्वरकडचा ऊस पूर्वी साखर होऊन चहात यायचा, आता पेट्रोलच्या टाकीतही उतरतो. जुन्या रबरी नळ्यांना आणि पंपातल्या पडद्याला, म्हणजे डायफ्रॅमला, तो मानवत नाही. इलेक्ट्रिक पंप बसवायचं ठरलं.

दुकानदाराने काउंटरवर एक चकचकीत पंप आपटला. "हा न्या की काका. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचा, 3 बार दाब मारतो. एकदम पॉवरफुल!"

मी तो उद्यमबागेतल्या आमच्या मिस्त्रींना दाखवला. त्यांनी हातही लावला नाही.

"ब्याड री, नको! 3 बार म्हणजे चाळीसच्या वर पीएसआय. तुमच्या कार्बुरेटरला दोन-तीन पुरे, चार म्हणजे डोक्यावरून पाणी."

कार्बुरेटरचं काम हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देण्याचं, स्वभाव मात्र पंगतीतल्या भिडस्त पाहुण्याचा. वाटीत फ्लोट असतो, वाटी भरली की तो वर येऊन सुईने दार लावून घेतो. म्हणजे पानावर हात आडवा धरून "पुरे, पुरे" म्हणतो. पण वाढणारा चाळीस पीएसआयचा असेल तर हात बाजूला सारून बासुंदी ओततोच. मग पेट्रोल वाहतं ते थेट गरम इंजिनावर. विस्तवाशी असली थट्टा बरी नव्हे.

कमी दाबाचा पंप अखेर मिळाला. दुकानदाराने तो असा काही गुंडाळून दिला, जणू मी त्याच्याकडून शिळं काहीतरी नेत होतो. तो बसवायचा मागे, टाकीजवळ आणि खालच्या अंगाला. हा पंप ढकलण्यात पटाईत, ओढण्यात आळशी. (आमच्या घरातही असे दोघे आहेत.) त्याच्या आधी फिल्टर, वायरिंगला फ्यूज आणि रिले. जुना पंप काढल्यावर इंजिनला भोक राहतं, तिथे गॅस्केट घालून पत्रा ठोकायचा, नाहीतर ऑइलचा अभिषेक.

मिस्त्री एका गोष्टीवर अडून बसले. इंजिन बंद पडलं की मेकॅनिकल पंप आपोआप थांबतो. हा बाबा अपघातातही इमानेइतबारे पेट्रोल ढकलत राहील. म्हणून ऑइल प्रेशरचा स्विच हवाच; इंजिन थांबून ऑइलचा दाब उतरला की तो पंपाची वीज तोडतो. पंपाइतकाच खर्च त्या स्विचपायी झाला, आणि तो मला मुळीच जड गेला नाही.

आता किल्ली फिरवली की मागून टिकटिक ऐकू येते. वाटी भरत आली की ती मंदावते, हे मी आत्याला दोनदा समजावलं. ती मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसली होती.

"ते तुझं पेट्रोल-बिट्रोल राहू दे," ती म्हणाली, "आधी उतरून बघ, खाली उंदीर शिरलाय."