सिंकिंग फंड

गेल्या रविवारी दुपारी साडेतीनला, भर मे महिन्यात, घोडबंदर रोडवरच्या माझ्या स्वतःच्या हॉलमध्ये मी गळ्यापासून घोट्यापर्यंत काळ्या रबरात पॅक होतो आणि चेन उघडत नव्हती.

कारण थोडक्यात सांगतो. भाचा कॅलिफोर्नियात असतो, त्याच्याबरोबर मॉन्टेरेला डायव्हिंग ठरलंय, तिथलं पाणी 10 ते 15 अंश, त्याला 7 मिलीमीटर जाडीचा वेटसूट लागतो. तो तिथे भाड्याने मिळतो हे मला माहितीये, बायको रोज सांगते. पण नेरूळच्या एका गृहस्थांनी सेकंडहँड अगदी स्वस्तात देऊ केला आणि मग काय. पायात प्लॅस्टिकची पिशवी चढवली की पाय सुळकन आत जातो ही व्हिडिओतली युक्ती खरी निघाली. मग पाठीवरची चेन दोरीने वर ओढली, तिने आतला बनियन दातात धरला तो धरलाच. आत बनियन घालायचा नसतो हे एकाही व्हिडिओवाल्याने सांगितलं नव्हतं.

बायको माहेरी, डोंबिवलीला. तेवढ्यात बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी, हातात पावतीपुस्तक. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. हसले नाहीत, दचकलेही नाहीत. म्हणाले, "सिंकिंग फंडाचे राहिलेत तुमचे." (बिल्डिंगच्या मोठ्या दुरुस्त्यांसाठी सोसायटी दरवेळी बाजूला काढते, तो फंड.)

"आधी ती मागची चेन काढा हो."

"काढतो की. पण हे आहे काय? रेनकोट?"

"पाण्याखाली घालायचा. थंडी वाजू नये म्हणून."

"म्हणजे आत पाणी येत नाही."

"येतं. येऊ द्यायचं असतं. पातळ थर आत अडकतो, तो अंगाच्या उबेने कोमट होतो. शिवाय रबरात बारीक बुडबुडे असतात, ते ऊब धरून ठेवतात."

"म्हणजे गळतो."

"गळत नाही हो, रचनाच तशी आहे."

"आपला बिल्डरपण तुमच्या बेडरूमच्या भिंतीबद्दल हेच म्हणाला होता," असं म्हणून ते सोफ्यावर बसले. बसले! मी उभा, कारण गुडघे वाकत नव्हते. पाणी अंगातली ऊब हवेच्या साधारण 25 पट वेगाने खेचून घेतं, म्हणून एवढा जामानिमा लागतो, हे मी त्यांना सांगत होतो तेव्हा माझ्या घामाची धार पोटरीपर्यंत उतरली होती. आणि त्या बुडबुड्यांमुळे माणूस तरंगतो म्हणून कमरेला शिसं बांधावं लागतं, हे मी बोलून गेलो. नको होतं बोलायला.

"एक मिनिट. पैसे देऊन तरंगणारा कपडा घ्यायचा, आणि बुडायला वरून शिसं बांधायचं?"

"हो."

"आणि सिंकिंग फंडाला पैसे नाहीत."

मग मालवण निघालं. निघणारच होतं. मालवणात निळंशार कोमट पाणी असताना तिकडे हिरव्या गार पाण्यात कशाला मरायला जायचं? (तारकर्लीला माझा कोर्स झालाय, पण ऐकतो कोण.) मी म्हटलं, अहो पाणी हिरवं आहे कारण त्यात खायला आहे. वारा वरचं पाणी आत समुद्रात ढकलतो, खालचं थंड पाणी वर येतं, शेतात खत टाकल्यासारखं, त्यावर सगळा संसार चालतो. केल्प नावाचं शेवाळ तिथे चांगल्या दिवसात दिवसाला दोन फुटांपर्यंत वाढतं, पाण्याखाली जंगलच. तिथली पाणमांजरं झोपताना वाहून जाऊ नये म्हणून केल्पच्या पट्ट्या अंगाला गुंडाळून घेतात.

"आणि मग त्यांची चेन कोण काढतं?"

मी दुर्लक्ष केलं. सांगितलं की सीलला जशी चरबी असते तशी या बिचाऱ्यांना नसते, नुसती दाट लव, त्यावर थंडी निभावतात. सेक्रेटरींनी माझ्या पोटाकडे शांतपणे बघितलं. "मग तुम्हाला सूट कशाला लागतो?"

आता हे जरा मनाला लागलंच. आठ वर्षं सिंकिंग फंड भरतोय मी, एखादं बिल राहिलं असेल. बेडरूमच्या भिंतीला पावसाळ्यात हात लावला की बोटं ओली होतात, कपाटामागे जे उगवतं ते पण दिवसाला दोन फूटच वाढत असावं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग कायम पुढच्या मीटिंगला, मे महिन्यात टँकर, पण गेटच्या कमानीला ग्रॅनाइट लगेच बसला. गेटला गळती होती का? हे सगळं मला तेव्हा सुनवायचं होतं, पण ज्याच्या हातात आपली चेन त्याच्याशी भांडता येत नाही.

शेवटी वॉचमनला बोलावलं. एकाने खांदे धरले, सेक्रेटरींनी शूरॅकला पाय लावून चेन ओढली, बनियन टराटरा फाटला आणि मी बाहेर आलो. "हां, आता चेक," ते म्हणाले. मी थरथरत्या हाताने सही केली. संध्याकाळी ग्रुपवर माझा पाठमोरा फोटो होता, खाली "अभिनंदन" म्हणून पाच जणांचे फुलांचे गुच्छ. कशाबद्दल, देव जाणे.

काल चेक परत आला. सही जुळत नाही म्हणून. नोटीसबोर्डावर माझा फ्लॅट नंबर लागलाय, दंडासकट, आणि वॉचमन आता मला बघून चेन ओढल्यासारखा हात करतो.