कारण कोणी द्यायचं?

माहिती अधिकार कायदा म्हटलं की लोकांना उत्तराची तीस दिवसांची मुदत आणि दंड आठवतो. माझ्या मते या कायद्याचा जीव कलम 6(2) मध्ये आहे. माहिती का हवी, हे अर्जदाराला विचारता येत नाही. या कलमासमोर 7(8) ठेवा: नाकारायचं असेल तर अधिकाऱ्याने कारण लेखी द्यायचं, अपील कुठे आणि किती दिवसांत करायचं तेही सांगायचं. आणि 19(5) म्हणतं, नकार योग्य होता हे अपिलात सिद्ध करणं अधिकाऱ्याचं काम. पिढ्यान्‌पिढ्या 'मेहेरबान साहेबांच्या सेवेशी' लिहिणाऱ्या समाजात ही साधी गोष्ट नाही.

नाशिकला हा प्रश्न तसा जुनाच. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हाही मुद्दा हाच होता: दार उघडा म्हणणाऱ्याने आपली लायकी पटवून द्यायची, की दार लावून बसलेल्याने जाब द्यायचा?

पण 'कारण सांगणार नाही' या हक्काचा उलटा अर्थ काढून लोक अर्जातच भांडण काढतात. सिंहस्थ आला की रस्त्यांची कामं निघतात, आणि मग अर्ज जातो, "आमच्या कॉलनीचा रस्ता चार महिन्यांत का उखडला?" उत्तर ठरलेलं: असा खुलासा कलम 2(च) मधल्या 'माहिती'त बसत नाही. आणि यात अधिकारी बहुतेक वेळा बरोबरच असतो. कायदा दप्तरात असलेला कागद देतो, मत तयार करून देत नाही. म्हणून कागदच मागा. अमुक चौक ते अमुक चौक या कामाचं मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची (सगळे एमबीच म्हणतात) संबंधित पानं, गुणवत्ता चाचणीचे अहवाल, दोषदायित्व कालावधी (ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करून द्यायची मुदत) किती ते सांगणारी निविदेतली अट. अंदाजपत्रकात डांबराच्या थराची जाडी असते, एमबीत मोजून पैसे दिलेली जाडी असते. दोन्ही पानं शेजारी ठेवली की 'का' विचारायची गरजच उरत नाही.

आपल्या राज्यात अर्ज एका विषयापुरता आणि शक्यतो दीडशे शब्दांत असावा लागतो. अर्जाचा नमुना जोडपत्र 'अ', त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. झेरॉक्स पानाला दोन रुपये, पण मुदत उलटली की 7(6) प्रमाणे फुकट. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर 6(3) खाली पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. 'आमच्याकडे नाही' एवढ्यावर गप्प बसू नका. आवक क्रमांकाची पोच मात्र घ्याच, उत्तराचे तीस दिवस तिथून मोजायचे असतात.

यंत्रणा लंगडी कुठे पडते? पहिलं अपील (तीस दिवसांत, जोडपत्र 'ब', वीस रुपये) त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे जातं. त्याने निर्णयच दिला नाही तरी कलम 20 चा दंड, रोज 250 आणि जास्तीत जास्त 25,000 रुपये, त्याला लागत नाही. तो फक्त जनमाहिती अधिकाऱ्याला, म्हणजे अर्जाला उत्तर द्यायची जबाबदारी असलेल्याला. दुसरं अपील नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे. ते किती दिवसांत निकाली काढायचं, याबद्दल कायद्यात अक्षरही नाही. मुदत आपल्याला आहे, आयोगाला नाही. संस्था खिळखिळी करायला कायदा रद्द करावा लागत नाही, आयुक्तांच्या खुर्च्या रिकाम्या ठेवल्या तरी भागतं.

त्याहून मोठा घाव नोव्हेंबर 2025 मधला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं 8(1)(ञ) बदललं. आधी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण आक्रमण होतं, हे दाखवावं लागे. आता 'वैयक्तिक माहिती आहे' एवढं पुरतं. 8(2) मधली सार्वजनिक हिताची वाट शिल्लक आहे, पण ते हित मांडायचं ओझं व्यवहारात अर्जदारावरच येणार. म्हणजे 6(2) ने सोडवलेला माणूस मागच्या दाराने पुन्हा कारण सांगायला उभा.

'वैयक्तिक माहिती' म्हणून असा नकार आला तर अपिलात दोन गोष्टी लिहा. 8(2) खाली सार्वजनिक हित काय ते थेट: काम सार्वजनिक पैशाचं आहे, ज्याचं नाव लपवलं त्याच्याच सहीवर देयक निघालं आहे. आणि कलम 10 खाली, हरकत असलेला मजकूर काळा करून उरलेलं पान द्या. एमबीतला मोबाइल नंबर झाकला तरी जाडीचा रकाना तसाच राहतो.