व्यसनमुक्तीच्या ओपीडीत नक्की येतो कोण?

बेळगावात व्यसनमुक्तीच्या बाह्यरुग्ण विभागात समुपदेशक म्हणून बसत असल्यामुळे लग्नकार्यात भेटणारी माणसे मला हमखास विचारतात, की तुमच्याकडे येतात तरी कोण? विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा गटाराकाठी पडलेला, घरदार सुटलेला माणूस असतो. तसा माणूस आमच्याकडे क्वचितच येतो. येतो तो चाळिशीच्या अलीकडचा-पलीकडचा, लग्न झालेला, मुले शाळेत असलेला आणि अजून कामावर जाणारा पुरुष. उद्यमबागेतल्या फौंड्रीतला कामगार, वडगाव-खासबागेतला विणकर, सेंट्रिंगवाला, टेंपोचालक, कॅन्टीनच्या कार्डावर रम मिळणारा निवृत्त जवान, अशी ही मंडळी असतात. विशीच्या आसपास मित्रांबरोबर सुरू झालेली दारू दहा-पंधरा वर्षांनी अंगाशी आलेली असते, सोबत तंबाखू असतेच, आणि स्वतःहून आलेल्यांपेक्षा घरच्यांनी आणलेलेच जास्त असतात. देशातल्या निरनिराळ्या रुग्णालयांच्या अहवालांतही थोड्याफार फरकाने हेच वर्णन सापडते. माझे मत असे, की या वर्णनातून व्यसनी माणसापेक्षा आमच्या ओपीडीचीच ओळख अधिक होते.

केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार १० ते ७५ या वयोगटातले १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात आणि ५.२ टक्के लोकांच्या बाबतीत ते पिणे अपायकारक किंवा अवलंबित्वाच्या पातळीला गेलेले आहे. दारूवर अवलंबून असलेल्यांपैकी कोणत्याही प्रकारचे उपचार मिळाल्याचे सांगणारे ३८ जणांत एक, आणि दाखल होऊन उपचार घेतलेले १८० जणांत एक. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातही दारूच्या विकारांतले सुमारे ८६ टक्के लोक उपचारांविना असल्याचे दिसले. इतकी बारीक चाळणी लागल्यावर जे खाली उतरतात त्यांच्या वयाची, शिक्षणाची आणि मिळकतीची सरासरी काढून ‘व्यसनी माणूस असा असतो’ असे म्हणणे मला पटत नाही.

ही चाळणी कशाची आहे, हे बसच्या वेळापत्रकावरूनही कळते. केसपेपर सकाळी निघतो आणि दुपारी तपासणी आटोपते. कणकुंबी-जांबोटीकडच्या माणसाने पहाटे निघायचे, रांगेत उभे राहायचे, पाच-दहा मिनिटे डॉक्टरांशी बोलायचे आणि दिवसाची मजुरी बुडवून परतायचे, तेही पंधरा दिवसांनी पुन्हा यायचे या बोलीवर. निपाणीचा माणूस तर पाऊणशे किलोमीटरवरून येतो. म्हणजे ज्याला रजा मिळते तो येऊ शकतो, किंवा ज्याची बायको चिवट आहे तो. ११ जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला, तेव्हापासून नवऱ्याची फाइल घेऊन एकटीच आलेली बाई आम्हाला अधिक वेळा दिसू लागली आहे. ‘ते येईनात, गोळ्या तेवढ्या द्या,’ असे ती म्हणते. रुग्ण म्हणून केसपेपरवर नाव नवऱ्याचे, पण उपचार घ्यायला आलेली व्यक्ती खरे तर तीच असते.

नवरा सोबत असला तरी उत्तरे तीच देते. किती वर्षांपासून पिता, असे मी त्याला विचारतो आणि पिशवीतल्या जुन्या चिठ्ठ्या, रिकाम्या स्ट्रिप्स आणि रक्ताचे रिपोर्ट टेबलावर मांडत ती साल सांगते. तो खिडकीकडे बघत राहतो आणि मध्येच म्हणतो, ‘रोज कुठं पितोय ओ साहेब, सकाळी हात कापतात म्हणून एक नाइंटी, तेवढंच.’ त्याच्या दृष्टीने ते औषधच असते. सकाळच्या त्या थरथरीमागे शरीराला दारूची पडलेली सवय आहे, हे कळायला बहुतेकांना बरीच वर्षे लागतात.

ओपीडीच्या आधी ही माणसे काय काय करून आलेली असतात, हे कोणत्याही रकान्यात लिहिले जात नाही, आणि मला तर तोच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कुणी पंढरीची माळ घातलेली असते, कुणी शपथ घेतलेली असते, कुणी श्रावण पाळलेला असतो. माळ आणि श्रावण यांना मी मुळीच हसत नाही. समाजाने दारू नाकारायला दिलेली ती एक सन्मानाची सबब आहे, आणि माळकऱ्याला आग्रह करायला मित्रही धजत नाहीत. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने अमावास्येला शेवटची बाटली संपवून दुसऱ्या दिवशी एकदम बंद केले, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊन नसलेली माणसे, किडेमुंग्या दिसू लागतात. घरचे त्याला बाहेरची बाधा समजून आधी देवऋषाकडे नेतात, आणि त्यात जे तास जातात ते जिवावर बेतू शकतात. श्रावण पाळायचा असेल तर तो सुरू होण्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटावे. थरथर आणि फिट टाळणाऱ्या गोळ्या आणि थायमिन हे जीवनसत्त्व देऊन दारू सुरक्षितपणे थांबवता येते आणि पुष्कळांना त्यासाठी दाखल व्हावेही लागत नाही.

‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींच्या पुड्यांचे मात्र मला काहीही कौतुक नाही. त्यांत काय असते ते घेणाऱ्यालाही ठाऊक नसते. डायसल्फिरॅमसारखी, दारूबरोबर त्रास व्हावा म्हणूनच असलेली गोळी नकळत चहातून दिली आणि वर तो प्याला, तर उलट्या, छातीत धडधड आणि रक्तदाब कोसळणे, इथपर्यंत प्रकरण जाऊ शकते. शिवाय ज्या दिवशी त्याला हे कळते त्या दिवसापासून तो घरचा चहासुद्धा घेत नाही, आणि दवाखान्यावर तर त्याचा विश्वास मुळीच राहत नाही.

आता न येणाऱ्यांबद्दल. एम्सच्या त्याच पाहणीत पुरुषांमध्ये पिणारे २७.३ टक्के आणि बायकांमध्ये १.६ टक्के होते, पण आमच्या बाकावर स्वतःच्या व्यसनासाठी आलेली बाई त्या प्रमाणातही दिसत नाही. निपाणी भागात विडीच्या तंबाखूत ज्यांचे आयुष्य गेले, त्या बायकांची मशेरी हे व्यसन आहे असे कुणी मानतच नाही, मग त्यासाठी दवाखाना कोण गाठणार? गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ मध्ये आणि कर्नाटकात २०१३ मध्ये बंदी आली, आणि पानमसाला आणि तंबाखू अशा दोन वेगळ्या पुड्या घेऊन तळहातावर एक करण्याची रीत पडली. ते मिश्रण खाणारा कॉलेजचा मुलगा दवाखान्यात येतो तो तोंड उघडेनासे झाल्यावर, आणि तेव्हा तो दातांच्या विभागात जातो.

भाषेचाही मुद्दा आहे. ऑडिट नावाची दहा प्रश्नांची एक प्रश्नावली आम्ही वापरतो. पिण्यामुळे तुम्हाला कधी अपराधी वाटले का, असा त्यातला एक प्रश्न. खानापूरच्या मराठी माणसाला तो कानडीत विचारला आणि बायकोने मराठीत करून सांगितला, तर खरे उत्तर कसे मिळेल? अथणीच्या कानडी माणसापुढे मराठी समुपदेशक बसवला तरी हीच अडचण येते. फलक कोणत्या भाषेत असावा यावर आपण सीमाभागात पुष्कळ भांडलो. आत बसणाऱ्याला दोन्ही भाषा याव्यात, ही मागणी मात्र कुठल्याच मोर्चात मी ऐकलेली नाही.

अमेरिकेतल्या पॅट्रिशिया आणि जेकब कोहेन या संशोधकांनी १९८४ मध्येच दाखवून दिले होते, की उपचार करणाऱ्याला दीर्घकाळ आजारी राहिलेलेच रुग्ण जास्त भेटत असल्यामुळे त्याला तो आजार प्रत्यक्षापेक्षा अधिक चिवट वाटतो. ‘हे सुधारत नाहीत हो,’ हे आमच्याच सहकाऱ्यांचे वाक्य मी त्याच भ्रमात धरतो. चोर्ला घाटापलीकडे, गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेला आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला प्रयोग वेगळेच सांगतो. तिथे अपायकारक पिणाऱ्या ३७७ पुरुषांपैकी निम्म्यांना प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठकांत सल्ला दिला, आणि तीन महिन्यांनी त्यांच्यातले ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले, तर नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. ही माणसे दारूसाठी दवाखान्यात आलेलीच नव्हती. ताप, खोकला, अंगदुखी घेऊन आली होती आणि तिथे त्यांना पिण्याबद्दल विचारले गेले.

म्हणून मोठ्या इमारतीपेक्षा मला खानापूर, निपाणी, चिकोडी इथल्या सरकारी दवाखान्यांत संध्याकाळचे दोन तास हवे आहेत. कर्नाटक सरकारच्या मनोचैतन्य या मानसिक आरोग्य कार्यक्रमात तालुक्याला मंगळवारी तपासणी ठेवलेली आहे, ती मजुराच्या वेळेला नेली तरी पुष्कळ होईल. पहिल्या भेटीनंतर बरेच जण परत येत नाहीत, त्यांना आठवड्याच्या आत एक फोन जावा, आणि तो घरच्या नंबरवर न जाता त्याच्या स्वतःच्या नंबरवर जावा. तोपर्यंत ज्यांना दिवसा येणे जमत नाही त्यांना १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, मोफत क्रमांकावर रात्रीही बोलता येते, आणि तो फोन बायकोने केला तरी चालतो.