स्टेशनजवळच्या इमारतीचा तळमजला

स्टेशनला चिकटून थिएटर, सिनेमा, दुकानं आणि वर हॉटेल अशी मिक्स्ड-यूज बिल्डिंग करायची म्हटली की सगळे आधी दर्शनी बाजूबद्दलच बोलतात, काच किती, लायटिंग कसं, रात्री कशी दिसेल. मी मात्र प्लॅन हातात आला की पहिला तळमजला बघतो. गाडीतून उतरलेला माणूस, ज्याला आत काहीच घ्यायचं नाहीये, तो या इमारतीतून सरळ पलीकडच्या रस्त्याला लागू शकतो का? नसेल तर वर कितीही भारी थिएटर असू दे, माझ्या लेखी ते डिझाईन फसलं.

मग मोठा हॉल कुठे बसवायचा, त्याच्या मध्ये तर खांब चालत नाहीत, असं विचाराल. वर न्या ना! लंडनचा रॉयल फेस्टिव्हल हॉल बघा, १९५१ चा. जवळच्याच पुलावरून गाड्या धडधडत जातात म्हणून सभागृह उचलून वर ठेवलं आणि त्याच्या खाली-भोवती फॉयर, म्हणजे प्रवेशाचं मोठं दालन, नि जिने गुंडाळले, पेटीत अंडं ठेवावं तसं. आवाज अडवायला केलेली युक्ती, पण तिच्यामुळे खाली केवढी मोकळी जागा मिळाली, आणि १९८३ पासून ती फॉयर दिवसभर सगळ्यांना खुली झाली, तिकीट असो नसो.

आवाजाचं खरंच लोक फार उशिरा मनावर घेतात. हवेतून येणारा आवाज भिंत-काच अडवते, पण रुळांची थरथर जमिनीतून इमारतीच्या पायात आणि तिथून खांबात चढते नि हॉलमध्ये घुमते, तिथे नंतर पडदे आणि पॅनल लावून काही होत नाही. बर्मिंगहॅमच्या सिम्फनी हॉलला, १९९१ चा तो, रेल्वेच्या बोगद्यामुळे रबरी बेअरिंगवर, म्हणजे थरथर शोषणाऱ्या रबरी ठोकळ्यांवर, बसवलंय. हे पाया खणायच्या आधी ठरवायचं असतं, म्हणून अकूस्टिकवाला, म्हणजे आवाजाचा तज्ज्ञ, पहिल्या मीटिंगपासून हवा.

आणि शो सुटल्यावरची गर्दी! हजार-दोन हजार माणसं एकदम बाहेर, त्याच वेळी समोरून गाडीची माणसं, आणि मध्ये एकच दार. निदान दोन दिशांना रुंद जिने द्या आणि सगळ्या स्क्रीन एकाच वेळी सोडू नका.

जपानमधल्या क्योटो स्टेशनची इमारत मला आवडते ती आतल्या मोकळ्या जागेसाठी. आर्किटेक्ट हिरोशी हाराचं डिझाईन, १९९७, थिएटर, हॉटेल, डिपार्टमेंट स्टोअर सगळं एकाच पोटात. जुन्या शहरात एवढी उंच इमारत कशाला म्हणून टीका झाली, ती मला पटतेही. पण आतला १७१ पायऱ्यांचा जिना बघा, कुणीही येऊन बसावं, काही विकत घ्यायची सक्ती नाही.

आता मला कुठल्याही नव्या प्लॅनमध्ये एकच गोष्ट शोधायची असते. दुकानांची शटर पडल्यावर तळमजल्यातून पलीकडच्या रस्त्याला नेणारी ती मधली वाट उघडी राहते का? शेवटची गाडी जाईपर्यंत राहील असं नकाशावरच लिहून टाका.