मॉडेम ठीक आहे साहेब, पॅरिटी जुळत नाहीये

नमस्कार साहेब,

तुमच्या कमोडोर ६४ या जुन्या कॉम्प्युटरचा मॉडेम दुरुस्त करून दिला, त्यावर रिव्ह्यूत एकच तारा दिलात, तो तुमचा हक्क. पण "दुरुस्तीचे पैसे घेतले आणि मॉडेम होता तसाच हातात दिला, स्क्रीनवर अजूनही कचराच येतो" हे वाचून उद्या कोणी आपला चांगला मॉडेम भंगारात टाकेल, म्हणून इथेच उत्तर देतो.

फोटो टाकलात ते फार बरं केलंत. मित्राने पलीकडून कॅपिटल ए ते जी पुन्हा पुन्हा पाठवलंय. ए, बी, डी, जी व्यवस्थित उमटलेत. सी, ई आणि एफच्या जागी आडव्या रेघा. प्रत्येक ओळीत हेच. फोनलाइनची खरखर अशी अक्षरं निवडून खात नाही, ती वाटेल तिथे घुसते. बॉड रेट, म्हणजे पाठवण्याचा वेग, चुकला असता तर सगळ्याच ओळीचा चुथडा झाला असता.

आता सी बघा. आस्की या अक्षरांना आकडे देणाऱ्या तक्त्यात त्याचा आकडा ६७, बायनरीत (फक्त एक आणि शून्यात) १००००११, म्हणजे तीन एक. मित्राचं मशीन सात बिट (एक-शून्याच्या सात जागा), इव्हन पॅरिटीवर पाठवतंय. पॅरिटी म्हणजे चूक पकडायला लावलेला जादा बिट. एकांची संख्या सम व्हावी म्हणून ते आठव्या जागीही एक लावतं, त्या जागेची किंमत १२८, म्हणून ६७ चे १९५ होतात. तुमचा कमोडोर ६४ आठ बिट, नो पॅरिटीवर ऐकतोय, त्यामुळे तो १९५ इमानेइतबारे छापतो. कमोडोरच्या तक्त्यात १९५ म्हणजे शिफ्ट-सी. कीबोर्डवर सीच्या बटणाची पुढची बाजू बघा, उजवीकडे तीच रेघ काढलेली आहे. ए, बी, डीमध्ये दोन-दोन एक आणि जीमध्ये चार, म्हणून ती बिचारी वाचली.

फोटोत वर तुमच्या प्रोग्रॅममधली ओपनची ओळ, म्हणजे मॉडेमची जोडणी उघडणारी ओळ, दिसतेय. तिथे पहिल्या सीएचआर-डॉलरच्या (CHR$) कंसात ६ आहे, त्याचे ३८ करा. दुसऱ्यात ० आहे, तिथे ९६ टाका. वेग ३०० बॉडच राहील, फक्त सात बिट आणि इव्हन पॅरिटी होईल. पाना-पेचकस लागत नाही.

एक आधीच सांगून ठेवतो. मित्राने स्मॉल अक्षरं पाठवली की पुन्हा चित्रंच दिसतील. कमोडोरचा अक्षरांचा तक्ता, पेटस्की, वेगळा, बाकी जगाची आस्की वेगळी. सीएचआर-डॉलर १४ प्रिंट केलंत तर अक्षरं दिसतील, पण स्मॉलची कॅपिटल आणि कॅपिटलची स्मॉल. चांगला टर्मिनल प्रोग्रॅम (मॉडेमवरून पलीकडच्या मशीनशी बोलणारा) हे आपोआप बदलून घेतो. त्यापायी दुसरा एक तारा नको!

"नंबर स्वतः फिरवा, मग रिसीव्हरची वायर उपटून मॉडेमला खुपसा, ही कसली दुरुस्ती?" असंही लिहिलंय. साहेब, तुमचा हा मॉडेम, कमोडोरचा विकमॉडेम, १९८२ पासून असाच आहे. स्वतःहून डायल करणं त्याला कधीच येत नव्हतं.

पैसे परत करणार नाही, कारण काम झालेलं आहे. वरचा बदल करूनही सी आला नाही तर मशीन, मॉडेम आणि तो प्रोग्रॅम घेऊन दुकानात या. आमच्या लाइनवर तुमच्यासमोर जोडून बघू, त्याचे पैसे नाहीत. घरून करणार असाल आणि फोनला कॉल वेटिंग असेल, तर नंबराआधी स्टार ७० दाबा. मध्येच आलेल्या बीपने लाइन तुटते.

दुकानमालक, एडिसन, न्यू जर्सी